दोन सीटांचा ठराव

ओव्हाळांच्या घरात हुकूमशाही नव्हती, आणि त्याचा त्रास सगळ्यांना होत होता.

भीमराव ओव्हाळांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात प्रेमलाबाईंना सांगून टाकलं होतं की या घरात कोणतीही मोठी वस्तू एकाच्या मर्जीने येणार नाही. त्यांचे स्वतःचे वडील घरातले सगळे निर्णय आवाज चढवून घ्यायचे आणि बहुतेक चुकीचे घ्यायचे. ते भीमरावांनी लहानपणी भोगलं होतं. त्यामुळे सरकारी लेखा कार्यालयात चिकटल्यावर, युनियनचे सचिव झाल्यावर आणि सभा कशी चालवतात हे शिकल्यावर त्यांनी ती विद्या सरळ घरी आणली. फ्रिज घ्यायचा? ठराव. दीपमालाने सायन्स घ्यायचं की कॉमर्स? ठराव, उपसूचना, चर्चा, हात वर. रविवारी सकाळचा चहा झाला की त्रिसरण व्हायचं, मग भीमराव भिंतीवरच्या दोन फोटोंखालच्या वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि त्या क्षणापासून ते कोणाचे नवरे नसत की कोणाचे वडील नसत. ते अध्यक्ष असत. अध्यक्षाने मत मांडायचं नाही, चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही, आणि मतं समसमान पडली तरच आपलं निर्णायक मत द्यायचं. बाकीच्यांनीही सभेत एकमेकांना आपण म्हणायचं. प्रेमलाबाई तेवढ्यापुरतं पाळत. “अध्यक्षमहोदय, आपला चहा गार होतोय,” असं त्या म्हणत आणि कप पुढे सरकवत.

अशा घरात राकेशला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. तीही जुनी. तीही दोन सीटांची.

राकेश म्हणजे भीमरावांचा थोरला. वय छत्तीस, हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर, गळ्यात कंपनीचा पट्टा आणि पोटावर कॅन्टीनची कृपा. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हूल उठली होती, तेव्हा कंपनीने त्याला इंग्लंडला पाठवलं होतं. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, राकेशचं मात्र भलं झालं. विश्रांतवाडीच्या घरावर मजला चढला. पण तिकडून येताना तो मनात एक खूळ घेऊन आला होता, ते मात्र त्याने सहा-सात वर्षं कोणाला दाखवलं नव्हतं.

झालं असं होतं, की तिथे एका रविवारी रस्त्याने उघड्या टपाची चिमुकली गाडी जाताना त्याने पाहिली. आत एक म्हातारा आणि एक म्हातारी. म्हातारीच्या डोक्याला रुमाल, मांडीवर थर्मास.

“कुठे चाललेत हे?” त्याने बरोबरच्या गोऱ्याला विचारलं.

“कुठेच नाही,” गोरा म्हणाला. “रविवार आहे ना.”

हे उत्तर राकेशला पचेना. ओव्हाळांच्या कुळात कुठेच न जाण्यासाठी आजवर कोणी घराबाहेर पडलं नव्हतं. आजोबा गाव सोडून निघाले ते पोटासाठी. अण्णा, म्हणजे भीमराव, निघत ते कचेरीसाठी, नाहीतर मोर्च्यासाठी. राकेश स्वतः शिकला नोकरीसाठी, नोकरी केली घरासाठी, मजला चढवला तो बहिणीच्या लग्नाला पाहुणे मावावेत म्हणून. त्याची कशाबद्दलच तक्रार नव्हती. पण या घरात वस्तू आली की तिला आधी ‘उपयोग काय’ हे विचारलं जायचं, आणि राकेशला जन्मात एकदा, एकच, बिनउपयोगाची वस्तू हवी होती. उगाच. ती त्याला इतकी हवी होती, की त्याची त्यालाच लाज वाटायची.

गाडी सापडली नारायण पेठेत. ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला होता. आप्पासाहेब गद्रे नावाच्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं.

“गाडी बघायला आलात की घ्यायला?”

“बघितल्याशिवाय कशी घेणार?”

“बघून कोणी घेत नाही, असा अनुभव आहे. आडनाव काय म्हणालात?”

“ओव्हाळ.”

“म्हणजे मूळचे कुठले?”

पुण्यात हा प्रश्न भूगोलाचा नसतो, हे राकेशला पाळण्यातच कळलं होतं. “विश्रांतवाडीचे,” तो म्हणाला. “आणि आपण?”

“आम्ही इथलेच.”

“असं का. म्हणजे मूळचे कुठले?”

आप्पासाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. “गुहागरकडचे,” ते म्हणाले, आणि दार पूर्ण उघडलं. “या. चपला बाहेर.”

मागच्या बोळात पत्र्याच्या शेडमध्ये, भाडेकरूंच्या स्कुटरींच्या पलीकडे, जुन्या चादरीखाली ती उभी होती. आप्पासाहेबांनी चादर काढली. फिकट हिरवा रंग, लांब नाक, गोल दिवे, कमरेएवढी उंची. साठच्या दशकातली, विलायती. जिने बनवली ती कंपनी केव्हाच दिवंगत झाली होती. आप्पासाहेबांच्या काकांनी देश सोडून चाललेल्या एका साहेबाकडून ती घेतली होती.

“काका हौशी होते,” आप्पासाहेब म्हणाले. “मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हौस परवडली.”

“पार्ट मिळतात?”

“मिळतात की. इंग्लंडात.”

“आणि इथे?”

“इथे सहानुभूती मिळते.”

टपाचं कापड फाटलं होतं. डावं दार एका झटक्यात लागत नव्हतं. खाली काळ्या तेलाचा थेंब पडलेला होता आणि दुसरा पडायच्या तयारीत होता. राकेशने हे सगळं पाहिलं आणि यातलं काहीही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला मुलीचे मोठे दात दिसतात, पण मोजता येत नाहीत.

“एक सांगून ठेवतो,” आप्पासाहेब चादर घालता घालता म्हणाले. “कोरेगाव पार्कातला एक हॉटेलवाला मागे लागलाय. त्याला ती लॉबीत ठेवायची आहे, फुलझाडांमध्ये. इंजिन काढलेलं असलं तरी चालेल म्हणतो. माझा जीव होत नाही, पण आता माझे गुडघेही साथ देत नाहीत. महिनाअखेरपर्यंत कळवा. नाहीतर मी तिला कुंडीत घालणार.”

किंमत ऐकून राकेश दचकला नाही. तेवढी त्याची ऐपत होती, आणि पैसे त्याचेच होते. दुसऱ्या कुठल्या घरातला मुलगा असता तर त्याच दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता. राकेशपुढे मात्र रविवारची सभा होती.

मग त्याने पुढाऱ्याने करावं तेच केलं. मतदारांच्या गाठीभेटी घेतल्या. मतदार होते चार: तो स्वतः, बायको निकिता, आई प्रेमलाबाई आणि बहीण दीपमाला. दीपमाला वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि तिथेच राहायची, पण लग्नानंतरही मुलीचा मताधिकार कायम राहील असा स्वतंत्र ठराव भीमरावांच्या घराने कधीच करून ठेवलेला होता. जावयाला मत नव्हतं. त्याला रविवारच्या मटणात वाटा होता आणि त्यात तो समाधानी होता. राकेशच्या सहा वर्षांच्या लेकीला मत मिळायला अजून बारा वर्षं होती.

राकेश नगर रस्त्याच्या गर्दीतून तासभर धक्के खात वाघोलीला गेला.

“दादा, तुला वेड लागलंय,” दीपमाला म्हणाली. “माझं मत तुला. या घराने आजवर एकही मूर्खपणा केलेला नाही, मला लाज वाटते सांगायला.”

निकिता बँकेत होती. कर्ज मागायला आलेल्या माणसाचं ती जसं ऐकते तसंच तिने नवऱ्याचं ऐकून घेतलं. “तुझं खूळ मला कळतं रे,” ती म्हणाली. “खरंच कळतं. पण पोरगी कुठे बसणार? डिकीत? आणि जूनमध्ये? छत्री धरू मी गाडीत?”

“पावसात नाही काढायची.”

“उन्हात काढवत नाही, पावसात काढायची नाही. म्हणजे डिसेंबरात दोन रविवार. मी विरोधात, राकेश. राग मानू नकोस.”

राहिली आई. “दोनच सीटा?” प्रेमलाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “मग मी कुठे बसू?”

“तुला दुसऱ्या खेपेला नेईन ना.”

“खेपा करून न्यायला मी काय विटा आहे?”

म्हणजे दोन विरुद्ध दोन. राकेश हिशेबात कच्चा नव्हता. दोन-दोन झाले की निर्णायक मत अण्णांचं. आणि ज्या माणसाने स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ ‘घरात एक चालू आहे’ म्हणून परत केलं होतं, त्याचं मत कुठे पडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. अण्णांशी या विषयावर बोलण्याचा विचारसुद्धा राकेशने केला नाही. सभेचा विषय सभेबाहेर अध्यक्षांकडे काढायचा नाही, हे त्याच्या रक्तातच होतं.

पहिल्या रविवारी ठराव आला. राकेश सूचक, दीपमाला अनुमोदक. निकिता कार्यवाह म्हणून लिहून घेत होती. प्रेमलाबाई म्हणाल्या, की वस्तू न बघता मत देणं म्हणजे आंधळ्याने साडी निवडणं. तेव्हा पाहणी समिती नेमायचं ठरलं. सूचक चालवणार हे उघड होतं, म्हणजे उरली एकच सीट.

“अण्णांनीच जावं,” निकिता म्हणाली. “ते निःपक्षपाती आहेत.”

राकेशने मनातल्या मनात गाडीला मूठमाती दिली.

शनिवारी सकाळी भीमराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून नारायण पेठेत हजर झाले. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना जोखलं.

“इंजिन अजून बोलतं,” आप्पासाहेब म्हणाले.

“ते बोलेल. कागदपत्रं बोलतात का?”

आप्पासाहेबांना हा माणूस आवडला असावा. ते कागद आणायला आत गेले. बोळ स्कुटरींनी गच्च भरलेला होता. त्या एकेक करून बाहेर काढण्यात राकेश घामाघूम झाला. तो परत आला तेव्हा दोघं म्हातारे गाडीशी गप्प उभे होते. भीमराव आत बसले. दार दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा लागलं. राकेशने किल्ली फिरवली. गाडी खोकली, रुसली, आणि मग असा काही आवाज करून उठली, की वरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालायची थांबली.

लकडी पुलावरून निघाल्यावर राकेश अण्णांकडे चोरून बघत होता. काही कळायला मार्ग नव्हता. भीमराव ताठ बसून समोर बघत होते, विरळ पांढरे केस वाऱ्याने उभे राहिले होते. डेक्कनच्या सिग्नलला बाजूच्या बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. भीमरावांनी खिशातली पेनं नीट केली.

“परत फिरू?” राकेशने विचारलं.

“सरळ घे. ब्रेक बघायचेत.”

ब्रेक बघत बघत त्यांनी गाडी स्टेशनाकडे नेली, तिथून कॅम्पात. ज्या कचेरीत ते आयुष्यभर सायकलने गेले तिच्या फाटकाशी त्यांनी गाडी हळू घ्यायला लावली. फाटकावरचा पहारेकरी गाडी बघून खडबडून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला.

“ब्रेक ठीक वाटतात,” भीमराव म्हणाले. “वळवून परत आण.”

“आता काय राहिलं?”

“एकदाच्या पाहणीवरून निष्कर्ष काढू नये.”

दुसऱ्यांदाही पहारेकऱ्याने सलाम ठोकला. तिसऱ्यांदा तो स्टुलावरून उठला नाही, नुसता टक लावून बघत राहिला. राकेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा खोट काढायला बसलाय आणि सापडेपर्यंत सोडणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं. येताना संगम पुलावर गाडी थोडी पळाली. वाऱ्याने दोघांचे शर्ट फुगले. राकेशला वाटलं, आपण आत्ता मेलो तरी चालेल, आणि लगेच वाटलं, अण्णा बाजूला आहेत, असं काही वाटून घेऊ नये.

“डावं दार,” भीमराव गाडी थांबल्यावर म्हणाले. “नोंद घेतली आहे.”

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसरी सभा भरली. दीपमाला सकाळीच आली होती. जावई स्वयंपाकघराच्या आसपास घोटाळत होता. त्रिसरण झालं, भीमराव खुर्चीत बसले आणि त्यांनी पाहणी समितीचा अहवाल वाचला. वाहन फिकट हिरवे. आसने दोन. टपाचे कापड फाटलेले. डावे दार तिसऱ्या प्रयत्नात लागते. तेलाची गळती किरकोळ. ब्रेक तीन वेळा तपासले, समाधानकारक. वाहन चालते.

बस. एक शब्द पुढे नाही. राकेशला कुठून तरी ‘तथापि’ येईल अशी आशा होती, पण भीमरावांनी कागदाची घडी घातली.

“सूचकांनी आपली बाजू मांडावी.”

आता खरं तर राकेशला एवढंच म्हणायचं होतं, की मला हवी आहे. पण एवढ्या वर्षांत त्या खोलीत ‘हवी आहे’ या कारणावर कोणी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे तो खोटं बोलायला लागला. जुन्या गाड्यांची किंमत वाढत जाते, ही एक प्रकारची गुंतवणूकच आहे, म्हणाला. हा तांत्रिक वारसा आहे, म्हणाला. शेवटी, उघड्या हवेत बसल्याने आईचे सांधे मोकळे होतील, असंही म्हणाला.

“माझे सांधे काढू नका,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “मला त्यात बसायलाच जागा नाही.”

“अध्यक्षमहोदय,” निकिता म्हणाली, “मला सूचकांच्या भावनांबद्दल आदर आहे. पण माझा विरोध नोंदवावा.”

“माझा पाठिंबा नोंदवावा,” दीपमाला म्हणाली. “सूचकांनी दिलेली सगळी कारणं भिकार आहेत, तरीसुद्धा.”

“प्रेमलाबाई?”

“आहे तसा ठराव असेल तर विरोध.”

“म्हणजे कल दोन विरुद्ध दोन असा दिसतो,” भीमराव म्हणाले, आणि खुर्चीत जरा पुढे सरकले. “मतदानाला टाकायचा का?”

राकेशने अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दगड बरा. मग मांडीवरच्या त्या घडी घातलेल्या अहवालाकडे पाहिलं. आणि त्याचा धीर सुटला.

“थांबा,” तो म्हणाला. “ठराव बदलल्यावर आईसाहेबांचा पाठिंबा मिळणार असेल, तर तसं सांगावं.”

“माझी उपसूचना आहे,” प्रेमलाबाई तयारच होत्या. “गाडीत चार माणसं बसावीत.”

“सूचकांनी उपसूचना स्वीकारलीच पाहिजे असं बंधन नाही,” भीमराव म्हणाले.

राकेशने झटपट विचार केला. सीटांच्या मागे हातभर जागा होती. नाना पेठेतल्या एखाद्या मेकॅनिककडून तिथे एक बाक बसवून घेता येईल. आई एकदा बसेल, कंबर धरून उतरेल, पुन्हा नाव काढणार नाही. आणि मत तेवढं पदरात पडेल. तीन विरुद्ध एक. अण्णांपर्यंत गोष्ट जाणारच नाही.

“स्वीकारली,” तो म्हणाला.

“सूचकांनी विचार केला आहे ना?” भीमरावांनी पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज जरा वेगळा लागला, पण राकेश तेव्हा मतं मोजत होता.

“हो, हो. स्वीकारली.”

घसरगुंडी तिथून सुरू झाली. आई बसणार म्हटल्यावर निकिता म्हणाली, मग फाटकं कापड चालणार नाही, टप पक्का हवा. याला नाही कसं म्हणायचं? दीपमालानेसुद्धा हात वर केला, आईला ऊन लागून चक्कर येते म्हणून. पक्का टप आला तशी प्रेमलाबाई म्हणाल्या, बंद डब्यात मी उकडून निघेन, एसी पाहिजे. एसी आला तशी निकिता म्हणाली, एसीला पेट्रोल किती जाईल, डिझेल असावी. मग कोणीतरी म्हणालं, बिघडली तर इंग्लंडला कोण जाणार, सर्व्हिस सेंटर पुण्यातच हवं. प्रत्येक वेळी भीमराव सूचकांकडे बघत आणि थांबत. प्रत्येक वेळी राकेशला वाटे, एवढं दिलंच आहे, तर आणखी एवढ्यासाठी कशाला अडायचं. टेबलावर एकेक तुकडा कापून ठेवावा तशी गाडी त्याच्या डोळ्यांदेखत संपत होती, आणि सुरी त्याच्याच हातात होती.

“अंतिम मसुदा वाचते,” निकिता म्हणाली. “चार किंवा अधिक माणसं बसतील अशी, पक्क्या टपाची, एसी असलेली, डिझेलवर चालणारी, सर्व्हिस सेंटर पुण्यात असलेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी.”



“अशी स्पोर्ट्स कार नसते,” दीपमाला म्हणाली.

“मग ‘जुनी’ काढून टाका,” प्रेमलाबाई म्हणाल्या. “आणि ते ‘स्पोर्ट्स’ पण.”

मतदान झालं. चारही हात वर गेले. त्यातला एक राकेशचा होता. तो का वर गेला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. आपल्याच ठरावाच्या विरोधात सूचक हात खाली कसा ठेवणार?

“ठराव एकमताने मंजूर,” भीमराव म्हणाले. “सभा संपली.” ते खुर्चीतून उठले आणि एरवीपेक्षा जरा सावकाश आत गेले.

स्वयंपाकघरात लगेच सात सीटांच्या गाडीच्या रंगावरून चर्चा सुरू झाली. जावयाला मत नसलं तरी रंग सुचवायला मनाई नव्हती. राकेश गॅलरीत गेला आणि त्याने मोबाइलवरून आप्पासाहेबांना फोन लावला.

“नाही जमत,” तो म्हणाला. “घरात ठराव वेगळा झाला.”

“ठराव?” आप्पासाहेब म्हणाले. “असो. आमच्याकडे नुसती भांडणं होतात. मग हॉटेलवाल्याला कळवतो.” फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “आणि हे बघा, तुमच्या वडिलांना म्हणावं, ती टोपी घेऊन जा. हॉटेलवाल्याला तिचं काय करायचंय.”

“कसली टोपी?”

“काकांची. चामड्याची, कान झाकणारी. तुम्ही स्कुटरी हलवत होतात तेव्हा ते विचारत होते, टप उघडा ठेवला तर डोक्याला काय घालतात म्हणून. मी आतून काढून दिली. घालून बघितली त्यांनी, आरशात. बरोबर बसली. म्हणाले, बाजूला ठेवा, पुढच्या आठवड्यात लागेल.”

राकेशने फोन बंद केला.  मग तो खाली मागच्या अंगणात गेला.

भीमराव तिथे स्टुलावर बसून लसूण सोलत होते. सभा संपली की मटणाचा लसूण सोलणं हे त्यांचं काम.

“अण्णा, टोपीचं काय?”

भीमरावांनी मान वर केली नाही. “गद्रे फार बोलतात.”

“तुम्हाला गाडी हवी होती?”

“दोन-दोन होते,” भीमराव म्हणाले. “मी विचारलं, मतदानाला टाकायचा का. हो म्हणायचं होतंस.”

“पण तुमचा अहवाल! त्यात एक चांगला शब्द नव्हता.”

“अहवालात मत लिहायचं नसतं.”

“मला वाटलं, तुम्ही विरोधात आहात.”

“वाटलं ना? विचारलं नाहीस.” आता त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत राग होता, साधा, घरगुती, बापाचा राग. “आईकडे गेलास. बायकोकडे गेलास. दीपमालाकडे वाघोलीपर्यंत धक्के खात गेलास. मी रोज संध्याकाळी टिंगरेनगरपर्यंत एकटा चालत जातो, एक दिवस बरोबर आला नाहीस.”

“अध्यक्षांकडे मत मागायला कसं येणार मी?”

“मी काय आठवडाभर अध्यक्ष असतो?”

 राकेशला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला, की त्याच्या पुढ्यातली परात उडवून द्यावी.  आणि त्याच वेळी, तीन तीनदा फाटकावरून गाडी न्यायला लावणारा माणूस काय बघत होता ते त्याला आत्ता दिसलं, आणि उशीर झाला होता.

“ठराव फिरवू या,” तो म्हणाला. “आत्ता बोलावतो सगळ्यांना.”

“मंजूर ठराव सहा महिने फिरवता येत नाही.”

“तो नियम तुमचाच आहे ना?”

“म्हणून तर.”

“अण्णा, तोवर ती हॉटेलात जाईल. इंजिन काढतील तिचं.”

“काढतील,” भीमराव म्हणाले. त्यांनी एक पाकळी सोलली, बोटांत धरली आणि परातीत टाकली. “चाळीस वर्षं त्या खुर्चीत बसतोय, राकेश. एकदाही मत द्यायची पाळी आली नाही. फ्रिजला नाही, घराला नाही, तुझ्या लग्नाला नाही. तुझी आई जिकडे, तिकडे बहुमत. आज पहिल्यांदा दोन-दोन झाले. माझा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता.”

राकेश त्यांच्याशेजारी ओट्यावर बसला. त्याला बापाला मिठी मारावीशी वाटली, पण ओव्हाळांच्या घरात तसा प्रघात नव्हता. त्याने परातीतली एक गड्डी उचलली आणि सोलायला घेतली.

“लसूण झाला का?” आतून प्रेमलाबाईंनी विचारलं.

“झाला,” भीमराव म्हणाले, आणि दोघंही तिथेच बसून राहिले.